बावीस अंशांवरचं शिखर

माणसाला धक्का बसायचाच असेल तर निदान जागा तरी बरी मिळावी. कुणाला तो पत्र उघडताना बसतो, कुणाला दवाखान्याच्या बाकावर. माझ्या तरुणपणातला सगळ्यात मोठा धक्का मला कुडव्याला, मामाच्या घरामागच्या मोरीपाशी, तोंडात मंजनाचा फेस असताना बसला. त्यामुळे ‘अरे बाप्पा’ एवढंही मला नीट म्हणता आलं नाही. मी नुसता ‘ब्ब’ असा काहीतरी आवाज काढला, आणि समोर भांडी घासत बसलेली मामी मान वर न करता म्हणाली, “आंगावर उडवू नोको.”

पण मोरीपर्यंत यायचं तर जरा मागून यावं लागेल. माझं गाव सालेकशाच्या बाजूला, जंगलाच्या काठावर. घरी धानाची शेती. मी बी.एस्सी. झालो तेव्हा गावातली माणसं मला तापा-खोकल्याचं औषध विचारू लागली आणि मीही लाज न बाळगता ‘पाणी भरपूर प्या’ असं सांगत असे. तो सल्ला कधी चुकला नाही. पुढे एम.एस्सी.साठी गोंदियाला आलो आणि कुडव्याला मामाकडे राहिलो. मामा एका राइस मिलमध्ये बॉयलरवर होता. उसना तांदूळ करायचा तर धान आधी वाफेवर उकडावं लागतं. ती वाफ करणारं धूड मामाच्या ताब्यात असे आणि त्याच्या पोटात दिवसभर धानाचाच भुसा जळत असे. मामा घरी आला की त्याच्याआधी उकडलेल्या धानाचा वास घरात शिरे. त्या घराचे आवाजही ठरलेले होते: मिलचा भोंगा, भुसा उडवणाऱ्या पंख्याची घूं घूं, रुळांवरून जाणाऱ्या मालगाड्या. पंख्याच्या आवाजात मामा ढाराढूर झोपायचा, आणि पंखा बंद पडला की दचकून उठून विचारायचा, “काय झालं गा?” काही झालेलं नसे. शांतता झालेली असे.

मामी म्हणजे बाई नव्हती, स्वच्छतेचं एक खातं होती. लाखोरीची डाळ, अंबाडीची भाजी, तळ्यातल्या झिंग्यांची चटणी असं ती वाढायची ते मायेनं. पण शेवटचा घास माझ्या हातात असतानाच ताट तिच्या हातात गेलेलं असे. तिच्या राज्यात खरकटं भांडं फार वेळ जिवंत राहत नसे. मी खाऊन उठायचो, हात धुवायचो आणि अभ्यासाला बसायचो. ताटाचं पुढे काय होतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. पुढच्या जेवणाला ते पुन्हा चकचकीत होऊन समोर येई, जसा सूर्य उगवतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं सूर्याबद्दल चौकशी केली, ताटाबद्दल नाही. हे आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

आमचे सर म्हणजे बोपचे सर. तीस वर्षं फळ्यावर खडूनं अणू काढत आलेले, निवृत्तीला एक वर्ष उरलेले, आणि नावावर एकही शोधनिबंध नसलेले. बाकीचे प्राध्यापक चहाच्या वेळी त्यांना हटकून विचारत, “बोपचेजी, आपका शोध कब छप रहा है?” सर हसून म्हणत, “बस, भट्टी में है.” ते खोटं नव्हतं. आमचं काम खरोखरच भट्टीत असे. लोखंडाचं ऑक्साइड घ्यायचं, त्याच्या जोडीला दुसऱ्या एखाद्या धातूचं ऑक्साइड, दोन्ही मोजून एकत्र खलायची, भट्टीत भाजायची, पुन्हा खलायची, पुन्हा भाजायची. आणि शेवटी त्या काळ्या भुकटीच्या आत अणू कसे बसलेत ते शोधायचं. आम्ही तीन विद्यार्थी होतो. माझ्या वाट्याला मँगनीज, सुनीताला निकेल, राजेशला कोबाल्ट.

“म्हंजे तुमी करता तरी काय?” मामानं एकदा विचारलं. मी त्याला त्याच्याच मिलचा दाखला दिला. गोदामात पोत्यांची थप्पी लावलेली असते, पोती कितीही घट्ट रचली तरी मध्ये फटी उरतात आणि त्या फटींत उंदीर राहतात. ऑक्सिजनचे अणू म्हणजे पोती आणि धातूचे अणू म्हणजे उंदीर. काही फटी लहान, चार पोत्यांच्या मधल्या; काही मोठ्या, सहा पोत्यांच्या मधल्या. कोणता धातू कोणत्या फटीत राहतो, एवढंच आम्हाला शोधायचं असतं. मामानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, “उंदीर पकडायले एम.एस्सी.?” पुढे कित्येक परिसंवादांत मी या विषयावरची भाषणं ऐकली, त्याहून नेमका प्रश्न कुणी विचारलेला आठवत नाही.

हे उंदीर डोळ्यांनी दिसत नाहीत, म्हणून भुकटी नागपूरला पाठवायची. तिथे यंत्रात तिच्यावर एक्स-रे टाकतात. ते ठरावीक कोनांना परत फिरतात आणि कागदाच्या लांब पट्टीवर त्या त्या कोनाला टोकदार शिखर उमटतं. प्रत्येक पदार्थाची शिखरं आपापल्या जागी. गावातल्या माणसाला जसं आपण लांबून, चेहरा दिसायच्या आत, चालीवरून ओळखतो, तसं शिखरांवरून पदार्थाला ओळखायचं. अट एकच: भुकटी खूप बारीक आणि एकजीव हवी. एकेक नमुना तीन-तीन तास खलावा लागे. त्यासाठी सरांनी कुठून कुठून खटपट करून अकीकाचा एक खल मिळवला होता. अकीक फार कठीण दगड, झिजत नाही. पण कॉलेजची प्रयोगशाळा पाचला कुलूपबंद व्हायची, म्हणून सरांनी तो खल मला घरी न्यायची परवानगी दिली. दोन्ही हातांनी दिला, लेक सासरी पाठवावी तसा.

मी ओसरीवर बसून खलू लागलो. माझा हात चांगला होता, निदान मला तसं वाटे. हळूहळू सुनीता आणि राजेश म्हणू लागले, तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही रे. आणि चहा-समोशाच्या बदल्यात त्यांच्याही भुकट्या मीच घरी आणून खलू लागलो. स्तुतीनं माणूस किती दळण दळतो याचा मी नमुना आहे. कोबाल्टच्या त्या धुळीत आम्ही शेजारी बसून मुरमुरे खात होतो हे आठवलं की आज अंगावर काटा येतो. माझ्या वर्गातल्या मुलांना मी प्रयोगशाळेतली पेन्सिलसुद्धा घरी नेऊ देत नाही. खलून झालं की खल ओट्यावर तसाच ठेवायचा आणि उठायचं, ही माझी पद्धत. दुसऱ्या दिवशी तो फडक्यात नीट बांधून ठेवलेला सापडे. सोडायचा, एक फुंकर मारायची आणि नवा नमुना टाकायचा.

नागपूरहून पहिल्या पट्ट्या आल्या त्या दिवशी सरांनी त्या प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर उलगडल्या आणि चारही कोपऱ्यांवर बाटल्या ठेवल्या. असायला हवी ती सगळी शिखरं जागच्या जागी होती. आणि एक जास्तीचं होतं. बावीस अंशांच्या जरासं अलीकडे, सडपातळ, ताठ, कुणी न बोलावता पंगतीत येऊन बसलेल्या पाहुण्यासारखं. सर वाकून पाहत राहिले. मग त्यांनी सुनीताची पट्टी पाहिली. तिथेही तेच. राजेशची पाहिली. तिथेही. मँगनीज असो, निकेल असो, कोबाल्ट असो, बावीस अंशांवर हा गृहस्थ हजर.

सर कच्चे नव्हते, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. त्यांनी पहिला संशय खलावरच घेतला. अकीक म्हणजे शेवटी गारेचाच भाऊ. तो झिजून मिसळला असता तर गारेचं शिखर सव्वीसच्या पुढे आलं असतं. तिथे काही नव्हतं. मग आम्ही नागपूरला जाऊन माहितीच्या कार्डांचे गठ्ठे चाळले: लोखंडाची सगळी ऑक्साइडं, मँगनीजची, निकेलची, कोबाल्टची. कुणाचंच शिखर तिथे बसत नव्हतं. आम्ही फक्त धातूंचीच कार्डं पाहिली. चोरी झाली तर माणूस परगावच्या लोकांची नावं घेतो, घरातल्यांची हजेरी घेत नाही. शेवटी सरांनी खुर्चीत मागे रेलून, अगदी हळू आवाजात सांगितलं, “धातू बदलला तरी हे बदलत नाही. म्हणजे हे उंदरांमुळे नाही. पोत्यांच्या रचनेतच काही नवी शिस्त आहे.” मामाला दिलेली उपमा मी त्यांनाही सांगितली होती आणि त्यांना ती आवडली होती.

पुढचे आठ महिने सर तरुण झाले. आम्ही नमुन्यांमागून नमुने केले आणि प्रत्येकात ते शिखर निघालं. सरांनी निबंध लिहिला, नागपूरच्या एका परिसंवादात तो वाचण्यासाठी स्वीकारला गेला, आणि त्यावर त्यांच्याखाली माझं नाव होतं. परिसंवादाला एका मोठ्या संशोधन संस्थेचे प्रमुख येणार होते, त्यांच्याकडे पीएच.डी.ची एक जागा होती आणि त्यांनी सरांना कळवलं होतं की विद्यार्थ्याला सोबत आणा. चहाच्या वेळचे प्रश्न बंद झाले. सरांनी कोट शिवला. माझ्या घरून निरोप आला की गावात सगळ्यांना सांगून झालं आहे. काय सांगून झालं ते कळलं नाही, पण मी धातूची नवी जात शोधली असं काहीसं असावं.

परिसंवाद शनिवारी. गुरुवारी पहाटे त्या विचारानं माझी झोप मोडली. एरवी मी मामीनंतर दोन तासांनी उठणारा. मंजन घेऊन मागे गेलो, तर मामी मोरीपाशी बसून खल घासत होती. डाव्या हाताला राखेचा डबा, उजव्या हातात काथ्याचा बोळा. अकीकाचा तो गुळगुळीत खल तिच्या हाताखाली पातेल्यासारखा गरगरत होता. मी ‘ब्ब’ म्हणालो ते इथे. फेस थुंकून आलो.

“मामी, हे काय करून राहिलीस?”

“दिसत नाई का? घासून राहिली.”

“खल?”

“मंग काय तुयं डोस्कं?”

“राखेनं?”

“साबन लावू का? साबनाचा वास रायते. तुया औषधाले लागल तो.” माझ्या भुकट्यांना ती शेवटपर्यंत औषध म्हणत होती.

“कधीपासून घासते?”

“तू आनला तवापासून. खलते न् तसाच ठेवते ओट्यावर, काया-काया. मी कायले ठेवू देईन माह्या ओट्यावर?” तिनं खल पाण्यानं धुतला, पदरानं पुसला, आणि मग डब्यातून चिमूटभर कोरडी राख घेऊन त्याच्या पोटात बोटानं सारवली.

“आता हे काय?”

“ओल धरत नाई मंग. तव्यालेबी लावतो मी.” आणि तिनं तो फडक्यात नीट बांधला.

मँगनीज, निकेल आणि कोबाल्ट यांच्यात सारखं काय, हा प्रश्न आठ महिने आम्ही निसर्गाला विचारत होतो. तिघांत सारखा होतो मी, खल, आणि मिलच्या बॉयलरमधून मामानं घरी आणलेली धानाची राख. धानाच्या भुशात वाळूचाच अंश भरपूर असतो, भुसा जळला की राखेत तोच उरतो, हे मी बी.एस्सी.ला घडाघडा पाठ म्हणून दाखवलं होतं. आणि रोज त्याच राखेवर फुंकर मारून, उरलेली करडी धूळ माझीच भुकटी समजून, तीत नवा नमुना खलत होतो.

त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. रेल्वेच्या फाटकापाशी उभा राहून मालगाड्यांचे डबे मोजले. मनाला समजावलं की राखेनं काय होणार. नुसती राख तर चहूकडे असते. सांगितलं तर सरांचा निबंध गेला, माझी जागा गेली. न सांगितलं तर शनिवारी भरल्या सभेत सर उभे राहणार, आणि एखादा शहाणा उठून म्हणणार की ही तर राख. नाही म्हणाला तर त्याहून वाईट, कारण मग ते खोटं आमच्या नावानं कायम छापलेलं राहणार. संध्याकाळी मामा आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मामा, राख पुन्हा तापवली तर काय होते?”

“काई होत नाई. जळून झाली ते जिनस. तिले अजून काय जाळशील?”

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलोच. मामा चपला काढता काढता पुढे म्हणाला, “पन लयच तापली का मंग गठ्ठा होते. दगडावानी. चकाकते. आमी सब्बल मारून काढतो बॉयलरातून.”

हसू तोंडावरच राहिलं. माझ्या भुकट्या मी तासन्‌तास लालभडक भट्टीत भाजत होतो. मामानं राखेचा दगड होताना रोज पाहिला होता आणि मी कार्डं चाळत होतो. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

“म्हंजे माह्या राखेनं तुयं औषध बिघडलं?”

“नाही गं. असंच विचारत होतो.”

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. आमची ताटं वाढली. स्वतःचं वाढलं नाही.

शुक्रवारी सकाळी उठलो तर ती ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात राखेचा डबा घेऊन तयार. “चाल. सरच्या घरी.”

“मी सांगतो ना त्यांना.”

“तू सांगत नाईस. लहानपनी माठ फोडला तवा मांजरीचं नाव सांगतलं होतं.”

मामाची गाडी मी चालवत होतो, मागे मामी, तिच्या मांडीवर डबा. कुडव्यापासून सरांच्या घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि मामीचं न बोलणं हे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. सर बनियनवर कोट घालून आरशासमोर उभे होते. “या या, बसा. दंडात जरा घट्ट झालाय, नाही?” असं ते म्हणत असतानाच मामीनं टेबलावरच्या पट्ट्यांच्या शेजारी डबा ठेवला आणि झाकण काढलं.

“सर, पोराची चुकी नाई. हे माही राख होय. मी याच्यानं खल घासतो. पोटातबी ठेवतो.”

सरांनी डब्याकडे पाहिलं, मग पट्टीवरच्या बावीस अंशांकडे, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. आधी कपाळ, मग गाल, शेवटी ओठ. ते तसेच कोटात खुर्चीवर बसले. मी रागाची वाट पाहत होतो. त्याऐवजी त्यांनी पेन काढलं आणि वही उघडली.

“पोटात किती ठेवता?”

“इतकी.” मामीनं चिमूट दाखवली.

“या कागदावर ठेवा. तेवढीच.” तिनं ठेवली. सरांनी ती बराच वेळ पाहिली. “आणि राजेश? सुनीता?”

“त्यांच्याही भुकट्या मीच खलल्या, सर. घरीच,” मी म्हणालो.

“तुम्ही?”

“हो. चहा-समोशावर.”

“तिन्ही,” सर म्हणाले. जरा वेळानं पुन्हा, “तिन्ही.” आणि मग अगदी साध्या आवाजात, “खल तुम्ही स्वतः का नाही धुतला?”

उत्तर मामीनं दिलं, तेही मला वाचवायला: “पोट्टे भांडे घासते का सर आमच्या घरी?”

आतून सरांच्या घरची भांडी घासल्याचा आवाज येत होता. सर त्या दिशेनं बघत राहिले. “नाही,” ते म्हणाले, “आमच्याही घरी नाही.” मग त्यांनी ती कागदावरची चिमूट घडी घालून कोटाच्या खिशात टाकली आणि मला म्हणाले, “उद्या सकाळची गाडी. वेळेवर या.”

“म्हणजे जायचं, सर?”

“कोट शिवलाय,” सर म्हणाले.

नागपूरपर्यंत सर निबंधाचे कागद चाळत बसले. काय करणार आहेत, विचारायची माझी हिंमत झाली नाही. सभागृहात दीडेकशे माणसं असतील. पहिल्या रांगेत संस्थेचे ते प्रमुख. सरांचं नाव पुकारलं. सर इंग्रजीतून बोलू लागले आणि सुरुवातीपासून सगळं सांगू लागले: तीन धातू, तीन पट्ट्या, एकच शिखर, पोत्यांची नवी शिस्त. प्रोजेक्टरवर तिन्ही पट्ट्यांच्या पारदर्शक नकला एकीखाली एक. आवाज ठणठणीत. सर खोटं बोलून राहिले! माझे सर! आणि खरं सांगू का, माझ्या मनाचा एक कोपरा त्या क्षणी सुखावला होता. जागा वाचली, असं तो कोपरा म्हणत होता. तो कोपरा अजून माझ्याकडे आहे; मी त्याच्यावर नजर ठेवून असतो.

मग सरांनी पट्ट्या काढल्या, खिशातून कागदाची पुडी काढली आणि प्रोजेक्टरच्या काचेवर रिकामी केली. पडद्यावर भला मोठा काळा डोंगर उमटला.

“यह राख है,” सर हिंदीत म्हणाले. “धान की. मेरे विद्यार्थी के घर में खल इसी से साफ होता था. आठ महीने से मैं इसी को नई रचना कह रहा हूँ.”

मग मागच्या रांगेतून एक हसू फुटलं आणि ते बघता बघता पुढे आलं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होती. मी खुर्चीत खाली खाली सरकत होतो. सर थांबले, हसणं संपेपर्यंत. कुणीतरी विचारलं, हे राखेचं शिखर आहे याला पुरावा काय? “अजून नाही,” सर म्हणाले. “सोमवारी कोरी राख भाजून पाठवतो. पण खल कोण धुतं, हे मी आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाही. ते सिद्ध झालेलं आहे.” आणि रुमालानं काच पुसून ते खाली उतरले.

राख खरोखरच निघाली, हे इथेच सांगून टाकतो. नुसत्या राखेच्या पट्टीवर बावीस अंशांपाशी फक्त एक बसकं टेकाड आलं. आमच्या भट्टीत भाजल्यावर त्याचं सडपातळ शिखर झालं. त्याला क्रिस्टोबलाइट म्हणतात, वाळूचंच एक भाजलेलं रूप, आणि त्याचं कार्ड पहिल्यापासून नागपूरच्या त्या कार्डांच्या खोलीत, आम्ही न उघडलेल्या खणात होतं. संस्थेतली ती जागा दुसऱ्याला मिळाली. प्रमुख माझ्याशी चांगलं बोलले, पुढच्या वर्षी अर्ज करा म्हणाले, आणि पुढच्या वर्षी ती जागा नव्हती. मी गोंदियातच मास्तर झालो.

पण मला सांगायचं आहे ते चहाच्या सुट्टीबद्दल. सर आणि मी व्हरांड्यात एका खांबाआड उभे होतो. कुणी आमच्या जवळ येत नव्हतं. मग एक मध्यमवयीन प्राध्यापक इकडे तिकडे बघत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “सर, ते शिखर नेमकं किती अंशांवर म्हणालात?” सरांनी आकडा सांगितला. त्यांनी बॅगेतून एक गुंडाळी काढली, चार बोटं उलगडली, आणि त्यांचा चेहरा काल सरांचा झाला होता तसा झाला. ते गेले तशा एक बाई आल्या. त्यांच्याकडे टायटॅनियम होतं. मग अजून एक जण. तिघंही भातपट्ट्यातले. सरांनी तिघांनाही एकच प्रश्न विचारला: “तुमच्याकडे भांडी कशानं घासतात?” तिघांपैकी कुणालाही सांगता आलं नाही. बाईंनाही नाही, त्यांची भांडी प्रयोगशाळेत कामाला येणारी मावशी धुवायची.

संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा मामी ओसरीच्या पायरीवर बसलेली होती. मामा म्हणाला, दोन दिवस नुसत्या चहावर आहे, तूच सांग आता काही.

“हासले का लोकं सरले?” मामीनं विचारलं.

“हसले.”

“लय?”

“लय. पण मग तिघं जण गुपचूप येऊन भेटले. त्यांच्याही औषधात राखच निघाली वाटते.”

ती माझ्याकडे बघत राहिली, मी थट्टा करतोय की काय म्हणून. मग सगळं खोदून खोदून विचारलं: कोण होते, कुठले, किती वर्षांपासून, सर त्यांना काय म्हणाले. मी सांगत गेलो. बोलता बोलताच ती उठून आत गेली, भाताचं पातेलं पुढ्यात ओढलं, त्यावर डाळ ओतली आणि खाली बसून जेवू लागली. चार-पाच घास झाल्यावर तिचा हात थांबला.

“त्या तिघायच्या घरी सांगू नोका म्हना,” ती म्हणाली. “बाया जेवत नाई मंग.”